वाळपईत, तीन करवती

काउंटरवर त्याने तीन मांडल्या:
एक नारिंगी, एक लाल,
एक हिरवट, जिच्या नावाचा स्टिकर अर्धा निघालेला,
आणि बोलू लागला माझ्या भाच्याशी.

भाचा एकोणीस वर्षांचा, शिकायला पणजीला.
त्याला माड आणि पोफळ वेगळी ओळखता येते, एवढंच.
"सीसी किती?" त्याने विचारलं, बाइकचं विचारतात तसं.
दुकानदार खुलला.
नारिंगीचं नाव मोठं, जंगलवाले हीच नेतात म्हणे.
लाल तिच्याहून सहा हजारांनी स्वस्त.
हिरवटीला सहा महिन्यांची गॅरंटी,
"पुढं देव."

मी पर्समधली घडी उलगडली. वनखात्याचा परवाना:
फणस, एक, पडलेला, घेर सात फूट,
अर्जदार सत्यवती माजीक, रा. केरी.
या एका सहीसाठी चार खेपा.
"रसाळ फणस," मी म्हटलं. "वारा नसताना पडला.
कुळागराच्या पाटावर आडवा.
खालच्या चाळीस पोफळींना आठ दिवस पाणी नाही."
मग कुठे तो माझ्याकडे वळला.

मी एकेक उचलून बघितली.
नारिंगी, भरल्या कळशीएवढी,
पण कळशी निदान कमरेवर बसते.
लाल नाकाकडे जड,
पाहायला आलेल्यांसमोर बसवल्यासारखी मान खाली घालणारी.
हिरवट इतकी हलकी
की मी आत काही राहिलं का बघितलं.

चेन कुठे मिळते?
नारिंगीची इथेच, किंमत मात्र बसून ऐकायची.
लालची म्हापशाला.
हिरवटीची मागवावी लागते. कुठून,
ते त्याने सांगितलं नाही.

एवढ्यात फोन वाजला. नवरा तारवावर,
कुठल्याशा बंदरातून मेसेज:
नारिंगीच घे, नाव आहे तिचं.
त्याला नाव हवं.
मला रविवारी दुपारी बंद पडली तर माणूस हवा.

माणूस मागे बसला होता, कानशीने चेनचे दात घासत.
बाश्त्यांव. डाव्या हाताला तीन बोटं.
भाच्याला राहवलं नाही.
"कुठल्या कंपनीची होती?"
बाश्त्यांव हसला.
"कंपनी बरी होती रे. मला शेवटची बस धरायची होती."

मग उठला. मुठीपुढची ढाल मनगटाने ढकलून दाखवली.
"उसळली की मनगट इथं आपटतं. चेन थांबते."
नारिंगी: खट्, दाराची कडी लागावी तशी.
लाल: खट्.
हिरवटीला दोनदा ढकलावं लागलं.
तो काही बोलला नाही,
तिला फक्त काउंटरच्या टोकाला सरकवलं.

"लालला अठराऐवजी सोळा इंची पट्टी लावली तर?" मी विचारलं.
"सात फूट घेर म्हणजे सव्वादोन फूट जाडी.
दोन्ही अंगांनी कापलं की सोळा पुरते."
बाश्त्यांवने माझ्याकडे बघितलं, मग दुकानदाराकडे,
आणि पाना मागितला.

पट्टी बदलली. लालने मान वर केली.

"रविवारी बंद पडली तर?"
"येईन. मीस सुटल्यावर."

वाचलेल्या सहा हजारांतून दोन जादा चेन,
डोळ्यांना चष्मा, कानांना टोप्या,
आणि एक जाड पँट, जी दुकानात फक्त पुरुषी मापात होती.
ती मी खाली दुमडून घेणार.

बसमध्ये खोका मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट लागेल. दिलं.
भाचा म्हणाला, आत्ते, पहिल्यांदा मी चालवू?
मी खिडकीबाहेर बघत राहिले.

रात्री माहितीपुस्तक काढलं.
अक्षरं बारीक, चित्रं मोठी.
चित्रातल्या माणसाला चेहरा नाही,
नाक नाही, घाई नाही.
बोटं आहेत.
मी मोजली.