गोठवण

इग्नासिओ, तुझं पॅकेज पोचलं, पहाटे चारला.
वाल्पाराइसोत तेव्हा रात्रीचे अकरा,
उन्हाळा, खिडक्या सताड उघड्या असतील.
इथे हापसालूत समुद्र पांढरा पडलाय
आणि आमची यादीही कालपासून गोठली:
आता नवं काही आत नाही,
फक्त दुरुस्त्या, त्याही कारण लिहून.

तू लिहितोस, तुमचं स्थिर म्हणजे नुसतं शिळं,
दोन वर्षांमागची आवृत्ती वापरतं कोण?

वोर्म्सी बेटावरचं लसींचं कपाट वापरतं.
त्याला तुझे नवे रंग नकोत.
रात्री दोनला, कोणी जागं नसताना,
पारा नीट वाचता यावा, एवढंच.

माझा भाऊ काउपो बर्फ मोजतो.
लांब गिरमिट, कमरेला दोरी, एक वही.
शंभर पावलांवर एक भोक,
पट्टी आत, आकडा वहीत.
अकरा सेंटिमीटरवर तो एकटा जातो,
वेळ आली तर पोटावर सरपटत.
सतरावर दोन मित्र, स्की बांधून.
बावीस भरले आणि चार दिवस भरलेलेच राहिले
की फळी हटते, पावाची गाडी बेटाकडे निघते,
पट्टा न लावता, सावकाश.

तू अकरावर उभा आहेस, पोरा.
तिथे कोणीतरी उभं राहावंच लागतं,
नाहीतर वहीत पहिला आकडा येणार कुठून?
मीही होते. एकदा आत गेले.
माझ्या एका घाईनं कित्येक मशीन
सकाळी उठलीच नाहीत.
तेव्हापासून ताकही फुंकून.

जुनं ते सोनं, असं मी म्हणत नाही.
जुनं ते मोजलेलं.
त्याच्या चुका मला नावानिशी ठाऊक आहेत,

असं वाटायचं.
पण ओळखीचा चोर जीव घेतो, तेही खरंच.
तुझ्या चार हजार ओळींत रात्रभर हिंडले
आणि एकशे त्र्याण्णवाव्या ओळीपाशी थबकले:
शून्याखाली गेलं की आमच्याकडे
वजाचं चिन्ह गळतं.
आत उणे तीन, आणि कपाट म्हणतं तीन, सगळं ठीक.
सात वर्षं.
कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं नाही.

तेवढ्या तीन ओळी उचलल्या,
जुन्या आवृत्तीला टाचल्या,
आकड्यामागे एक शेपूट जोडलं,
कारणाच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं.
बाकीचं थांबेल, बर्फ वितळेपर्यंत.

तुझं उत्तर नाही. रागावलास, किंवा झोपलास.
काउपो जेवायला आला, बूट दारात,
म्हणाला, आज एकवीस.
मी म्हटलं, एकानं काय होतंय?
तो हसला नाही.
सूप फुंकत राहिला.