ढळ किती ते लिहा

दोन शब्द बोला म्हणाले.
मी रोटर तोलणारी बाई.
एकतीस वर्षं तळघरातल्या चौथ्या टेबलाशी
पितळेच्या चाकावरून धुळीएवढं पितळ
खरवडत बसले.
शब्दांचं वजन मला नीटसं येत नाही.

सभागृहात फुलं आली आहेत,
मॉस्कोहून पत्र, निळ्या मखमलीच्या फाइलीत.
आणि तिघेजण एकामागून एक म्हणाले
की अवेनीर प्लातोनोविच म्हणजे अढळ.
तेव्हा ते पहिल्या रांगेत
कानातलं यंत्र काढून रुमालाने पुसत होते.
बरं झालं.

अढळ हा शब्द
आमच्या तळघरात शिवीसारखा होता.
पहिल्याच आठवड्यात मी वहीत लिहिलं: चाक स्थिर.
त्यांनी ते हलक्या पेन्सिलीने खोडलं.
"क्लाव्दिया मिरोनोव्ना, पृथ्वीसुद्धा डुलते.
ढळ किती, ते लिहा.
आणि कुठल्या बाजूला."

मग लिहीत राहिलो.
ट्राम निजल्यावर,
नेवेवरचे पूल उघडून मिटल्यावर
जमिनीची थरथर निवायची,
तेव्हा आमचा दिवस उगवायचा.
तासाला अंशाचा शंभरावा भाग.
चार हिवाळ्यांनी, हजारावा.
एकदा महिनाभर आकडा पहाटे चारला बिघडे.
बेअरिंग बदललं, तेल बदललं,
मलाही बदलायचं घाटत होतं.
शेवटी ते स्वतः रात्रभर स्टुलावर बसले,
भिंतीला तळहात लावून.
पलीकडच्या बेकरीत
कणीक मळायचं यंत्र चारला सुरू होई.
ते उठून गेले, गरम पाव घेऊन आले.
त्यांच्या प्रबंधात तळटीप आहे, बघा:
पाव, पहाटे चार.

नव्या मुलांना ते खिशातला भोवरा दाखवत.
लाकडी, रंग उडालेला, आर गंजलेली.
वेढ्याच्या हिवाळ्यात त्यांच्या आईने
खुर्च्या जाळल्या, दार जाळलं,
नवऱ्याची पुस्तकं जाळली.
भोवरा का ठेवला, ते त्यांनी विचारलं नाही,
आणि मार्चनंतर विचारायला कोणी नव्हतं.
मुलांना एवढंच सांगत:
"फिरत्याला ढकला. ढकलाल तिकडे तो जात नाही.
काटकोनात वळतो."

हे मला एका मंगळवारी कळलं.
तिसऱ्या मजल्यावरून कागद आला.
गेर्त्समानने देश सोडायचा अर्ज केला होता,
त्याच्याविरुद्ध सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या.
अवेनीर प्लातोनोविचनी सही केली नाही.
नाही असंही म्हटलं नाही.
म्हणाले, मुर्मान्स्कहून जहाज सुटतंय,
कंपास तपासायला मीच जातो.
सात महिने बर्फात होते.
परत आले तोवर कागद शिळा झाला होता,
गेर्त्समान रात्रपाळीचा पहारेकरी झाला होता,
आणि यांच्या खुर्चीवर दुसराच कोणी.
दर महिन्याला एक पाकीट
माझ्या हातून गेर्त्समानच्या घरी जाई.
त्याची बायको ते घेई,
पण हे पुलावर दिसले तर रस्ता ओलांडे.

याला धैर्य म्हणायचं की अंग काढणं,
मला अजून तोलता आलेलं नाही.
एकदा विचारलं.
ते बराच वेळ चष्मा शोधत राहिले.
चष्मा डोळ्यांवरच होता.
मग म्हणाले, "तिथे माझा ढळ आहे.
लिहून ठेवा."

जहाजावरची एक गोष्ट मात्र ते खुशीत सांगत:
ध्रुव जवळ आला की हा कंपास
उत्तर विसरू लागतो.
आयुष्यभर जिच्याकडे तोंड केलं
ती दिशाच पायाखाली येते,
आणि काटा बिचारा
कुठेही बघत राहतो.

आज ऐंशी पूर्ण झाली.
मघाशी टेबलावर भोवरा फिरवायला गेले,
बोटं थरथरली, भोवरा घरंगळून
केकच्या ताटाला लागला.
कोणीतरी उगाच टाळ्या वाजवल्या.
मी पाहत होते. डावीकडे गेला,
साधारण वीतभर.

आता त्यांनी यंत्र कानात घातलंय.
"क्लाव्दिया, काय बोललीस?"
काही नाही, अवेनीर प्लातोनोविच.
पाव. पहाटे चार.