चार मिनिटांचं लॉख

सत्तावीस वर्षं हे लॉख चार मिनिटांचं होतं.
शाळेची बस दुसऱ्या वळणावर आली की डाव्या काचेत उगवायचं,
पुलावर मावळायचं.
मधल्या वेळात मला आरसा बघायचा असे:
मागच्या बाकावर कोण उभं, कुणाचा डबा कुणाच्या डोक्यात,
आणि मॅकफेलांचा फिनले,
जो दुसऱ्याच वळणावर पांढरा पडायचा.
त्याच्यासाठी एक बादली ठेवलेली. निळी.

आज चालत आले.
गुडघ्याला पट्टा, खांद्याला थर्मास,
ओटकेकचे चार तुकडे, त्यातले दोन फाटकापाशीच संपले.
फाटक दोरीनं बांधलेलं, गाठ कुणा डावखुऱ्याची.
सोडून पुन्हा तशीच बांधेपर्यंत
बसच्या हिशेबानं अख्खं लॉख मागे पडलं असतं.

पाणी आज कुठल्याच रंगाचं नव्हतं.
कालवफोड्यांची जोडी माझ्यावर ओरडत राहिली,
जशी मी अंडी मोजायलाच आले होते.

टेकड्या तीन.
आईला त्यांची गेलिक नावं यायची, घशातून, खाकरल्यासारखी.
मला उंची येते: दोनशे बारा, एकशे नव्वद,
तिसरीची कुणी मोजलेली नाही.
पहिली चढले, दुसरी चढले,
तिसरीला खालूनच हात केला.

दुसरीच्या माथ्यावरून खाली रस्ता दिसतो.
चाळीस मिनिटं उशीर करून उन्हाची एक पट्टी आली
आणि तिच्या मागोमाग, वेळेवर, बस.
मी घड्याळ धरलं.
वळण ते पूल: तीन मिनिटं दहा सेकंद.
पळवतो नवा पोरगा.

किल्ल्याचा एकच बुरूज उभा आहे,
त्यावर पाटी: दगड कोसळू शकतात.
कोसळले नाहीत ते. नेले.
किल्ल्याचे दगड चर्चला, चर्चचे घरांना,
घरांचे मेंढवाड्याच्या कुंपणाला,
आणि उरलेसुरले, म्हणतात, पुलाला.
म्हणजे मी रोज दोनदा
किल्ल्यावरून बस नेत होते, तिसऱ्या गिअरमध्ये.

वरच्या अंगाला गाव आहे.
गाव म्हणजे सात चौकोन, गवत भरलेले.
कोण राहायचं, कुणी हाकललं,
हे शाळेत तारखेसकट शिकवलं होतं.
तारीख विसरले. बाईंचा रागीट रुमाल आठवतो.

भिंती गुडघ्याएवढ्या. कुठूनही पाय टाकून आत जाता येतं.
पण मेंढ्यांची पायवाट बघितली:
पूर्ण वळसा घालून, दारातून आत.
उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला,
त्यावर ताज्या लेंड्या.
मीही दारातूनच गेले.
बूट पुसले. हसायचं तर हसा.

चुलीच्या कोपऱ्यात एक मेंढी बसली होती, एकाच शिंगाची,
कुशीला कोकरू.
रवंथ थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं:
न कळवता येणाऱ्या पाहुणीकडे पाहावं तसं.
समोरच्या भिंतीला टेकून मी चहा ओतला.
दोघी काही बोललो नाही.
घरात कुणी बोलत नाही तेव्हा
घर जरा मोठं होतं, ते तसं झालं.
छप्पर नव्हतं, हेही थोडा वेळ लक्षात राहिलं नाही.

उतरताना चार चाकांची मोटरसायकल फटफटत आली.
दाढी, रबरी बूट, तोच पांढरट चेहरा.
"एक शिंगवाली दिसली का?"
"घरी आहे," मी म्हटलं, "दार उघडंच आहे."
फिनले क्षणभर थांबला, मग ओळख पटली तसा
इकडेतिकडे बघून म्हणाला,
"पण बस कुठाय?"

मागच्या कॅरिअरला मेंढ्यांच्या खाण्याची बादली.
निळी.
मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
सोडू का गावापर्यंत, म्हणाला.
दुसरं वळण लागेल वाटेत, मी म्हटलं,
आणि दोघंही एकदमच
रस्त्याकडे बघायला लागलो.