क्रमांक सत्तेचाळीस

दाभोली नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात
माझी एकतीस वर्षं छापून येतायत,
एकेक पान, कोमट.
बाबल विचारतो, दोन्ही बाजूंनी मारू?
मार म्हणते. कागद वाचेल.

अठ्ठावन्न निबंध.
एकोणिसांत माझं नाव पहिलं, सातांत शेवटचं,
बाकीच्यांत मी मध्येच कुठेतरी,
लग्नपत्रिकेच्या तळाला दाटीनं छापलेल्या चुलत्यांसारखी.

समितीला एकच आकडा हवाय. तो सतरा आहे.
म्हणजे सतरा निबंध, ज्यांना निदान सतरा-सतरा वेळा
कुणीतरी तळटीपेत आठवलं.
आईला हे एकदा समजावलं होतं.
ती म्हणाली, म्हणजे सतरा घरांत तुला जेवायला बोलावतात.
हो म्हटलं. तसंच काहीतरी.

सगळ्यांत जास्त आठवतात तो
नळीतलं रक्त किती वेगानं फिरवावं याचा.
दोन पानी. आमचं यंत्र बिघडलं होतं म्हणून सुचलेला.
चारशे बारा वेळा.
त्यांतल्या निम्म्यांनी माझं आडनाव चुकवलंय.

आणि हा तेहतिसावा.
काजूच्या कारखान्यातल्या बायका, त्यांचे तळवे, चीक,
आणि शरीर नेमकं कुठल्या दिवशी ठरवतं
की आता पुरे.
संदर्भ तीन. त्यांतला एक माझाच.

चार उन्हाळे बसले होते त्या शेडमध्ये.
राखेत बोटं बुडवून बायका बिया फोडायच्या.
कातडी उलायची, काळी पडायची, सापाच्या कातीसारखी निघायची.
काहींची. सगळ्यांची नाही.
तेच तर बघायचं होतं,
कुणाचं रक्त चीक लक्षात ठेवतं, कुणाचं सोडून देतं.
सोडून देण्याला आमच्या शास्त्रात सहिष्णुता म्हणतात.
शेडमध्ये हजेरी म्हणायचे.

नळ्या जायच्या बंदरावरच्या बर्फात, थर्माकोलच्या पेटीतून,
रात्रीच्या एसटीनं.
कंडक्टर म्हणाला, बाई, बांगडे कसे दिले?

क्रमांक सत्तेचाळीसच्या दंडावर मी
रुपयाएवढी पट्टी चिकटवली, पातळ केलेल्या चिकाची.
दोन दिवसांनी लाल, मग फोड, मग काळा डाग.
तक्त्यात तिच्यापुढे अधिकची तीन चिन्हं.
निबंधात ती 'एक सहभागी, वय ३९'.
छापून आल्यावर प्रत घेऊन गेले तर
तिनं मनगटांनी पानं उलटली, तेल लागू नये म्हणून.
"ह्यात माझा नाव खंय आसा गो?"
नावं द्यायची नसतात, म्हटलं. नियम आहे. तुमच्याच भल्यासाठी.
"आणि तुझा?"
माझं वर होतं. ठळक.

मालकानं त्या वर्षी हातमोजे आणले.
मोज्यांत बोटं जड होतात, किलोमागचे पैसे घटतात.
हंगाम संपायच्या आत बायकांनीच ते खुंटीला टांगले.
हे निबंधात नाही.
अर्जात यासाठी रकाना नाही.

आज सकाळी ती मासळीबाजारात भेटली.
कारखाना कधीच बंद झाला. आता सुंगटं विकते.
मला बघून बाही वर केली.
"काजींचो चीक सुटान बारा वर्षां झाली.
पण आंब्याचो देठ मोडलो काय अजून हयसर खाजता.
मगे तुझी आठवण येता."

किती दिवस राहते खाज, मी विचारलं.
आणि विचारता विचारता लक्षात आलं,
माझा हात पिशवीत वही शोधतोय.
तिनं एक वाटा जास्तीचा टाकला. पैसे घेईना.

नऊ पानं, अठरा रुपये, बाबल म्हणतो.
कोपऱ्यात टाचणी मारतो, वाकडी.
"बाई, त्या पिशवीत नका घालू,
कागदांक सुंगटांचो वास लागतलो."

घालते.