टाकीच्या टेकडीवर

दुपारी येऊ नकोस.
दुपारी पायऱ्यांचे तवे होतात
आणि कुत्री भिंतीची सावली सरकेल तशी
झोपेतच सरकत राहतात.
पाचला ये. रिक्षावाला पिंपळापाशी थांबेल,
पुढं चढ आहे म्हणेल, वीस रुपये जास्त मागेल.
देऊ नकोस.
घेऊनही तो वर येत नाही.

पायऱ्या एकशे सतरा.
निंबाबाई एकशे एकोणीस सांगते.
दोन तिच्याच ओट्याखाली गेल्या
सिमेंट ओतलं त्या साली,
आणि तेव्हापासून ती त्या
फार प्रामाणिकपणे मोजते.

विसाव्या पायरीवर दम खाल्लास तर पोरं हसतील.
चाळिसाव्यावर खा, तिथं निमित्त आहे:
गुफरानमिस्त्रीची खोली,
एक यंत्रमाग, एक बल्ब, एक पोपट.
पोपट मागाचा आवाज काढतो, खडाक् खट्, खडाक् खट्.
लाईट गेली की माग थांबतो,
पोपट चालू राहतो.
‘कापड तेवढं निघत नाही त्याच्याकडून,’
मिस्त्री सुताची गाठ मारत सांगेल.
पहिल्यांदाच सांगितल्यासारखा हस.

वर टाकी आहे.
अख्ख्या धुळ्यातून दिसते, तुला रिक्षातूनही दिसली असेल.
तुला वाटेल, यांच्या तर डोक्यावरच पाणी.
पण पाण्याला उतार लागतो, पडायला जागा लागते.
टाकीच्या पायाशी राहणाऱ्यांना नळ
नुसते सुस्कारे देतो.
आधी खालच्या कॉलन्या भरतात,
गाड्या धुतल्या जातात, कुंड्या भिजतात,
मग नवव्या दिवशी, रात्री दीडला वगैरे,
करंगळीएवढी धार आमच्याकडे.
म्हणून इथं कुणी
‘जेवलास का’ विचारत नाही.
‘पानी उनं का?’ विचारतात.
तू ‘येई, येई’ म्हण.
एवढी अहिराणी पुरते.

टाकीच्या कठड्याला पाठ टेकून बस.
दक्षिणेला लळिंगचा किल्ला, उन्हानं तांबूस.
इकडे पांझरा, म्हणजे वाळू,
आणि वाळूत विसरलेली दोन-तीन डबकी.
आग्रा रोडचे ट्रक दिवे लावू लागतील
एकेक, एकमेकांचं बघून.
चाळीसगावची गाडी निघेल, काडेपेटीएवढी.
खाली कुठल्यातरी गच्चीवर
कुणीतरी उडदाचे पापड वाळायला घातलेत,
संध्याकाळ झाली तरी उचलले नाहीत.
आम्हाला वरून दिसतं.
आम्ही ओरडतो. तिला ऐकू जात नाही.

सहाच्या सुमारास सुपडूचा भज्यांचा गाडा येईल
मागच्या कच्च्या रस्त्यानं.
चार पोरं ढकलतात, मजुरी एकेक प्लेट.
त्यात त्याला काय उरतं देव जाणे.
विचारलंस तर म्हणेल,
‘खाले गर्दी से भो, आठे हवा से.’
मिरची तो वेगळी तळतो. ती जपून खा.

आणि मग खेळ.
टाकीमागच्या सपाटीवर, सपाटी म्हणजे
दीड खोलीएवढी जागा.
पाहुणा म्हणून पहिली बॅट तुला देतील.
नियम एकच:
चेंडू पायऱ्यांवरून खाली गेला
की फलंदाज बाद,
आणि चेंडू त्यानंच आणायचा.
तू मारशीलच.
सगळे पाहुणे मारतात.

चेंडू टपटपत जाईल, तू त्याच्यामागं,
आणि दारादारातून हाका सुरू होतील:
खाली चाललास का, मग अर्धा लिटर दूध आण.
दगाआप्पाच्या रक्तदाबाच्या गोळ्या आण,
हे रिकामं पाकीट घे, नाव वाचून दाखव.
पोपटाला दोन हिरव्या मिरच्या.
निंबाबाईला कोथिंबीर,
दांडी मोडून बघूनच घे, मागच्यानं शिळी आणली होती.
मागचा कोण, विचारू नकोस.

वर पोचशील तेव्हा अंधार पडलेला असेल,
पोरं दुसऱ्या चेंडूनं खेळून घरी गेलेली.
निंबाबाई जुडी नाकाशी नेईल,
मान हलवेल,
आणि ओट्यावरून म्हणेल,
‘पैसा सकाय देसू.’
तुझी बस रात्री साडेनऊची आहे
हे तिला सांगू नकोस.