रुमालाखाली

बाप माझा हेड्या. बैलाच्या जबड्यात अंगठा घालून
वय सांगायचा: दोनदाती, चारदाती, जुळला.
मी गाड्यांचा. किलोमीटरचा काटा बघतो
आणि काट्यावर विश्वास ठेवत नाही.
कानशीनं दात घासणारे तेव्हाही होतेच.

कारंजा-दारव्हा रोडला माझी शेड.
सहा बोलेरो, एक रुग्णवाहिका, जिचा भोंगा आधीच विकून झालाय,
आणि टोकाला, ताडपत्रीखाली, ती:
पिवळी, दोन दारांची, जर्मन,
जमिनीपासून चार बोटं वर.

महामार्गात जमीन गेली, पैसे आले, त्या साली
अंकुश काळबांडेनं पुण्याहून आणली होती.
गावात शिरताना पहिल्याच ब्रेकरवर पोट टेकलं,
भर उन्हात बसल्या म्हशीसारखी उठेना.
आठ पोट्ट्यांनी उचलून पलीकडं ठेवली.
मग लग्नसराईत नवरदेव बसायचे,
बाशिंग छताला अडायचं, मान वाकडी करून
मारुतीच्या पारापर्यंत जायचे. तेवढाच तिचा वेग.
विकली, कारण मागं पाळणा ठेवायला जागा नव्हती.
अजूनही येतो कधीमधी, आत बसतो,
चावी मागत नाही.

मी चोवीसला घेतली.
दिवाळीत एक जण सव्वीस म्हणाला, मी मान हलवली.
(असं एक वाक्य या धंद्यात प्रत्येकाकडं असतं.)
पुढं नागपूरचा जयस्वाल दर मंगळवारी फोन करायचा.
एकवीस. साडेएकोणीस.
"आता बिनआवाजाच्या निघाल्या नं भाऊ,
पोट्टे तिकडंच पाहून राहिले."
सतरा.
"सामान भेटत नाही हिचं."
एका मंगळवारी फोनच आला नाही.
तो सगळ्यात कमी भाव.

फाल्गुनात पंचफुला इंगोले आली, निवृत्त नर्सबाई.
चौतीस वर्षं लूनावर, पुढं लशींचा थंड डबा.
म्हणाली, "ताडपत्री काढ."
मी म्हटलं, "नातवाले पाहिजे का, बाई?"
"काहून? मले लायसन नाही का?"
आणि जरा थांबून,
"त्या मोठ्या रोडच्या खालून जातो आपण, बोगद्यातून.
वर लूना चढू देत नाही.
पाहू तर दे, वर काय आहे."

वाकली, बॉनेटला कान लावला.
"इंजिन मागं असते, बाई."
मागं गेली. "चालू कर."
डोळे मिटून ऐकलं, गरोदर पोटावर नळी टेकवून
ऐकत असेल तसं.
"डाव्या अंगाला एक ठोका चुकते."
चुकत होता.
मला सहा महिन्यांपासून माहीत होतं,
जयस्वालला नव्हतं.

भाव सांगायला तोंड उघडलं, तर तिनं
माझ्या खांद्यावरचं पुसायचं फडकं ओढलं,
बॉनेटवर पसरलं. "हात दे.
माहा बापही मंगरूळच्या बाजारात उभा राहे.
बोटं येतात मले."

मी इकडं तिकडं पाहिलं.
पंक्चरवाला शरीफ ट्यूब पाण्यात धरून तसाच बसलेला,
बुडबुडे येतायत, त्याचं लक्ष नाही.
फडक्याखाली तिचा हात, कोरडा,
तर्जनीच्या पेरावर सिरिंजनं पाडलेला घट्टा.
तिनं तीन बोटं धरली. मी चौथं दिलं.
तिनं ते मिटवून परत माझ्या मुठीत ठेवलं,
आजारी माणसाचा हात पांघरुणात सारावा तसं,
आणि मग बराच वेळ
नुसतीच नाडी धरून उभी राहिली.
माझा अंगठा आपोआप आडवा झाला,
बापाचा व्हायचा तसा.

किती, ते सांगणार नाही.
फडकं त्याच्यासाठीच असतं.

गेली तेव्हा ब्रेकरवर तिरकी घातली,
आधी एक चाक, श्वास घेऊन दुसरं,
नाल्याच्या दगडांतून लूना काढावी तशी.
टेकली नाही.

मंगळवार होता. फोन वाजत होता.
मी फडकं झटकलं
आणि आधी रुग्णवाहिकेची काच पुसली.