उजवं चाक

पंचेचाळीसच्या पुढे गेलं की गाडी घुमायची,
जात्यासारखी. मी रेडिओ मोठा करायचे.

ड्युलुथच्या चढावर, आर्वोच्या गॅरेजात
त्याने आधी विचारलं: डावीकडे वळताना आवाज वाढतो?
वाढतो.
मग उजवं. भार तिकडे जातो.

गाडी जॅकवर. चाक वर-खाली धरून हलवलं—
कट्. एवढंच. हलत्या दाढेइतकं.

हब मात्र सुटेना.
बारा हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ
लोखंडाला लोखंड चिकटवून बसलेलं.
तेल, गॅसची ज्योत, घण, एक फिनिश शिवी,
पुन्हा तेल.

निघालं, तेव्हा बेअरिंग माझ्या हातात दिलं: फिरव.
भाकरीत खडा लागावा तसं फिरलं.

परतताना सरोवराकाठी साठचा वेग.
इतकं शांत, की सीटखाली
कधीची घरंगळणारी बाटली
आज ऐकू आली.